टॉमी डग्लस यांचा चरित्रलेख लिहायचा असेल तर

कॅनडातल्या नेत्यांवर मराठीत लिहिताना सर्वांत जास्त घोळ होतो तो पदांचा. म्हणून आधी कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘ओटावा’, म्हणजे देशाची संसद. उजवीकडे ‘रेजायना’, म्हणजे सस्कॅचेवान प्रांताची राजधानी. मग एकेक साल योग्य बाजूला टाका.

डग्लस १९३५ ते १९४४ खासदार : डावीकडे. १९४४ ते १९६१ प्रीमियर : उजवीकडे. १९६१ ते १९७१ न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते : पुन्हा डावीकडे. ‘प्रीमियर’चं भाषांतर पंतप्रधान करू नका, ते पद आपल्या मुख्यमंत्र्यासारखं. १९४४ मध्ये प्रांताच्या निवडणुकीत ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या त्या सीसीएफने (को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, त्यांचा आधीचा पक्ष); न्यू डेमोक्रॅटिक पक्ष १९६१ चा. १९६२ ते १९७९ सलग खासदार असंही लिहू नका, १९६८ मध्ये ते हरले आणि १९६९ च्या पोटनिवडणुकीत परतले.

आता खरा गाभा, आरोग्य विमा. ‘डग्लस यांनी १९६२ मध्ये तो सुरू केला’ हे वाक्य सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. १ जानेवारी १९४७ ला त्यांच्या सरकारने प्रांतात रुग्णालय विमा आणला. डॉक्टरी उपचारांच्या विम्याची योजनाही त्यांचीच, पण नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी प्रीमियरपद सोडलं. १ जुलै १९६२ ला ती अमलात आली तेव्हा वुड्रो लॉइड प्रीमियर होते. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले आणि २३ दिवसांचा तो संप लॉइड यांनी निभावला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. देशभरासाठीचा कायदा १९६६ चा, पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या सरकारचा.

बालपणातला पायाचा प्रसंग सुरुवातीला खर्चून टाकू नका, १९४७ च्या आधी ठेवा. विनिपेगमध्ये हाडाच्या संसर्गामुळे त्यांचा पाय कापायची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यायची, एवढ्या अटीवर एका शल्यविशारदाने ती फुकट केली आणि पाय वाचला. उपचार नशिबावर अवलंबून नसावेत, हा त्यांचा आग्रह तिथून समजतो.

डग्लस यांचा १९३३ चा एम.ए.चा प्रबंध मात्र गाळू नका. त्यात त्यांनी काही लोकांच्या नसबंदीची शिफारस केली होती. सत्तेत आल्यावर आरोग्यखातं त्यांच्याच हाती होतं, आणि तो मार्ग त्यांनी नाकारला. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात द्या.