सोसायटीतला खेळगट: दीड ते तीन वर्षांची मुलं आणि त्यांची मोठी माणसं

‘प्लेग्रुप’ म्हटलं की फी, युनिफॉर्म आणि एबीसीडी विचारणारे पालक पहिल्याच दिवशी येतात. त्यांना सुरुवातीलाच सांगून टाकावं, की इथे मूल सोडून जायचं नाही. प्रत्येक मुलासोबत घरातलं एक मोठं माणूस पूर्ण वेळ सतरंजीवर बसणार. खेळायला मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. हात आवरून शेजारी बसायला मात्र मोठ्यांना शिकावं लागतं, आणि गट खरा त्यासाठीच.

नाशिकमध्ये गंगापूर रोड असो की सिडको, मूल आणि मोठं माणूस अशा आठ जोड्या पुरेत. पाचच असतील आणि त्यातली दोन मुलं सर्दीने आली नाहीत, तर गट उरत नाही. दहाच्या वर गेलं की गलका वाढतो आणि निम्मी मुलं मांडीवरून उतरतच नाहीत. आठवड्यातून एक ठरलेला वार, सकाळी १० ते सव्वाअकरा. साडेअकरानंतर झोप आणि भूक एकदम येते, मग कुठलाच खेळ चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची फरशी सकाळी बर्फासारखी असते. तेव्हा साडेदहाला सुरू करा आणि सतरंजी दुहेरी अंथरा.

जागा म्हणून क्लबहाउस किंवा कुणाचा मोठा हॉल चालेल. गच्ची नको, कठडा कितीही उंच असला तरी. मुलं यायच्या आधी एकाने गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरावं. प्लगची भोकं, टेबलाची टोकं, कोपऱ्यातलं झुरळांचं औषध उभ्याने दिसत नाही.

विकत फारसं काही आणू नका. स्टीलच्या वाट्या, झाकणाचे डबे, पळ्या, चाळणी, जुन्या ओढण्या, टीव्हीचा रिकामा खोका एवढं पुरतं. प्रत्येक वस्तू किमान तीन घ्या. दोन वर्षांची मुलं एकमेकांशी कमी आणि एकमेकांच्या शेजारी जास्त खेळतात, आणि शेजारच्याच्या हातातलीच पळी हवी असते. ‘शेअर कर ना बाळा’ हे त्या वयात कळत नाही. तिसरी पळी पुढे केलेली कळते. टिश्यूच्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार पडते, ती या गटात आणायची नाही. मणी, बटणं, राजमा सगळं बाद.

चार कोपरे आधीच मांडून ठेवा: ओतणं, मळणं, खोका-ओढण्या आणि पुस्तकं. मुलांसमोर पिशवी उघडली की आठही जणं पिशवीवरच तुटून पडतात.

ओतण्यासाठी पसरट टबात चार बोटं पाणी. टबापासून हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस कायम बसलेलं हवं, कारण एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. टबाखाली जाड टॉवेल घाला, नाहीतर ओल्या टाइल्सवर पहिलं घसरणारं माणूस आजी असते.

मळायच्या गोळ्यासाठी २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ मोठे चमचे तेल, पाव चमचा हळद आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट मळा. आठ मुलांना लिंबाएवढा गोळा प्रत्येकी येतो. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा चिकट होतो. मूठभर मैदा लावून पुन्हा मळा. घट्ट डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, वास आला की फेकायचा. खेळून झाल्यावर साबणाने हात धुताना पिवळा रंग लाल होतो. रक्त आलं म्हणून घाबरू नका, हळद साबणाला लागली की तसंच होतं. मुलाने जिभेला लावून थुंकलं तर ठीक, पण गिळायला लागलं तर गोळा काढून घ्या, मीठ फार असतं. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल गटात असेल तर सगळ्यांसाठीच तांदळाचं पीठ वापरा.

आता मोठ्यांचं. मोबाइल दाराशी टोपलीत. गुडघे दुखणाऱ्या आजीला पाट किंवा चौरंग, खुर्ची नको. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसता आलं पाहिजे. ‘हा कोणता रंग? सांग मावशीला!’ ही परीक्षा बंद. त्याऐवजी दिसतं ते बोला: ‘सांडलं. पुन्हा भरलंस.’ डब्याचं झाकण लागत नसेल तर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सातच्या आसपास मूल झाकण उलटं करून बघतं. तेवढ्यात आईचा हात पुढे आला, की मूल डबाच आईकडे सरकवतं आणि विषय संपतो.

कुणी चावलं तर आधी चावा बसलेल्या मुलाकडे जा, थंड ओलं फडकं लावा. चावणाऱ्याला नुसतं बाजूला घ्या. ‘हा चावरा आहे’ असं सर्वांदेखत म्हणू नका. ते नाव गटात चिकटतं.

खाऊ बसूनच. जानेवारी ते मार्च कुणीतरी द्राक्षांची पिशवी आणणारच. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि श्वासनलिकेत घट्ट बसेल एवढंच असतं. उभे चार काप करा. आडव्या चकत्याही अडकू शकतात. शेंगदाणे, फुटाणे, लाह्या नकोत. ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय मूल आणायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

आवरण्याआधी पाच मिनिटं दर वेळी तेच एक गाणं म्हणा. सगळ्यात आधी टब रिकामा, मग प्रत्येकाने एक वाटी डब्यात टाकायची. पुढच्या वेळी तीन कोपरे तसेच ठेवून एकच बदला. चारही नवे दिसले की पहिली वीस मिनिटं पुन्हा मांडीवर जातात.