कानाला दडा बसला? आधी तो बड खाली ठेवा

कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायचं काम मी 19 वर्षं करतेय. खुर्चीत बसणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काही नाही हो, नुसता दडा बसलाय." दुसरं, "जरा कोरून बघितलं." कशानं, असं विचारलं की माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. बड, केसांची क्लिप, सेफ्टी पिन, स्कूटरची किल्ली, पेनाची रिफिल. एका आजींनी तर विणकामाची सुई पिशवीतून काढून दाखवली, छान पुसून-बिसून ठेवलेली.

बडाचं आधी सांगते. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर, आणि मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात. आतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेनं सरकत असते, जेवताना-बोलताना जबडा हलतो, त्याबरोबर मळ आपला आपण बाहेर येतो. तुम्ही बड घातलात की खलबत्त्यात कुटल्यासारखा तो आत ठासला जातो. टोकाला थोडं पिवळं लागलं की लोक खूश! आत किती ढकललं, ते आम्हाला दुर्बिणीतून दिसतं. मग एखाद्या दिवशी डोक्यावरून अंघोळ होते, तो ठासलेला मळ पाणी पिऊन फुगतो आणि कान गच्च. "काल तर बरा होता," असं म्हणत मंडळी येतात.

माझी सवय एवढीच: अंघोळीनंतर पंचाचं टोक बोटावर घेऊन बाहेरची पाळी पुसायची. बोट जिथे अडतं तिथे काम संपलं. मळ फारच घट्ट असेल तर डॉक्टर मऊ करायचे थेंब तीन-चार दिवस घालायला देतात आणि मग काढतात. पण लोकांना चार दिवस थांबायचं नसतं. "आत्ताच काढा, परत रजा मिळत नाही." कोरडा मळ ओढला की कातडी सोलते, मग ओरडायलाही तेच पुढे.

आता दुसरी चूक. ही माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या मामांचा गावाहून फोन आला, "अगं, सकाळी उठलो तर डावा कान बंद. आत गुंऽऽ वाजतंय." मी दुसऱ्या पेशंटमध्ये होते. म्हटलं, "मळ असेल मामा, थेंब घाला, गणपती झाले की या." ते आले तीन आठवड्यांनी. दुर्बीण लावली तर कान आरशासारखा स्वच्छ. तपासणी केली, डाव्या कानाचा आलेख पार तळाला. आतल्या कानाची ऐकण्याची ताकदच अचानक गेली होती. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती बरीच कमी होते. मामांचं थोडंसंच परत आलं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत.

तेव्हापासून फोनवर मी प्रत्येकाला तोंड मिटून "म्ऽऽ" करायला लावते. तुम्हीही आत्ता करून बघा. एका कानात बोट घाला आणि गुणगुणा, आवाज बोट घातलेल्या कानातच मोठा येईल. मळानं कान बंद असेल तरी तसंच होतं. पण बंद वाटणाऱ्या कानाऐवजी चांगल्या कानात आवाज मोठा येत असेल, तर दुखणं आतलं असू शकतं. ही काही पक्की तपासणी नव्हे. गुणगुणणं कसंही येवो, एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा. मामा आता फोन उजव्या कानाला लावतात आणि ठेवताना मला चिडवतात, "म् करून दाखवू का?"

आता बाकीचं थोडक्यात.

लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडणं: आपलं 'कोमट' म्हणजे बोटाला कोमट. कानाच्या आतली कातडी बोटाइतकी निबर नसते.

घरी पिचकारीनं कान धुणं: थंड किंवा गरम पाणी आत गेलं की डोकं गरगरतं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांनी कान धुताना हेच पाहिलं, त्यावरून तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा अभ्यास केला आणि 1914 चं नोबेल मिळवलं. आम्ही 37 अंशांच्या आसपासचं पाणी वापरतो. तुम्ही न्हाणीघरात उभ्यानं प्रयोग करून डोकं फोडून घेऊ नका.

मळ ओढून काढते म्हणून कानात लावायची पोकळ मेणबत्ती: शेवटी जो 'मळ' दाखवतात तो मेणबत्तीचाच असतो.

मधुमेह असेल तर कोरणं पूर्ण बंद. साधा ओरखडा महागात पडतो.

कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर मनानं एकही थेंब घालायचा नाही.

रात्री कानात आवाज येतो म्हणून पंखा बंद करून शांततेत झोपू नका. शांततेत तो जास्तच ऐकू येतो.

पोरानं कानात चणा घातला तर पाणी ओतू नका, फुगून बसतो. घड्याळाचा बटण-सेल घातला असेल तर तेल नाही, पाणी नाही, उद्या नाही. तो आतली कातडी जाळतो. त्याच पावली निघा, आणि दुसरा तसाच सेल घरात असला तर दाखवायला बरोबर घ्या.