दवाखाना उघडण्यापूर्वी स्वतःसाठी डॉक्टर शोधा

नाशिकच्या सिडको भागात मी 2006 पासून दवाखाना चालवते. इंटर्नशिप संपत आलेली मुलेमुली दरवर्षी भेटायला येतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: गाळा भाड्याने घ्यावा की विकत, कंपाउंडरला किती पगार द्यावा, पहिल्या वर्षी दिवसाला किती रुग्ण येतात. कोविडच्या दोन वर्षांत तुमची स्वतःची तब्येत कशी होती, असे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. माझ्या मते गाळ्याच्या भाड्याइतकाच हाही व्यवसायाचा प्रश्न आहे, म्हणून न विचारताच त्याचे उत्तर लिहिते आहे.

मार्च 2020 च्या अखेरीस जिल्ह्यातला पहिला रुग्ण निफाड तालुक्यात आढळला आणि एप्रिलमध्ये मालेगावची स्थिती बिघडली. त्या आठवड्यांत आमच्याकडे गर्दी उसळली असेल असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ओपीडी ओस पडली होती. अंबड आणि सातपूरचे कारखाने बंद होते, लोक दवाखान्याची पायरी चढायला घाबरत होते आणि साधा सर्दी-खोकलाही घरातच लपवला जात होता. गाळ्याचे भाडे, कंपाउंडरचा पगार आणि वीजबिल मात्र चालूच होते. पैशाची काळजी मनाच्या आरोग्यात मोडत नाही असे मला तेव्हा वाटत असे, पण त्या तीन महिन्यांत झोप सर्वांत आधी उडवली ती याच काळजीने. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी यंत्रसामग्री आणि फर्निचरवर सगळी पुंजी न ओतता किमान सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवावा. केंद्राने त्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले, परंतु खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यात बसतो की नाही यावर पुढे न्यायालयात वाद झाले. स्वतःचा आरोग्य विमा आणि मुदत विमा यांना पर्याय नाही, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि फोनवरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. शुल्क घेता येते, नोंद ठेवणे बंधनकारक आहे, हे त्यात लिहिलेले होते. मी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. ओळखीच्या माणसाकडून फोनवर बोलण्याचे पैसे कसे मागायचे, हा संकोच होता. आणि पैसे नाहीत म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून वेळेचे बंधनही नाही, अशी साखळी तयार झाली. रात्री अकरा वाजता एचआरसीटीच्या, म्हणजे फुफ्फुसात संसर्ग किती पसरला ते दाखवणाऱ्या छातीच्या सीटी स्कॅनच्या, अहवालाचा फोटो येई आणि खाली एकच ओळ असे, ‘मॅडम, स्कोर 25 पैकी 9 आहे, घाबरण्यासारखं आहे का?’ उत्तर दिले नाही तर तो माणूस रात्रभर जागणार हे मला ठाऊक असे, आणि उत्तर दिले की त्याच्या भावाचा, मग मेहुण्याचा अहवाल येई.

इस्पितळातल्या डॉक्टरची ड्यूटी कितीही जीवघेणी असली तरी ती कधीतरी बदलते आणि त्याच्या शेजारी सहकारी उभे असतात. फॅमिली डॉक्टर एकटा असतो, आणि त्याचे रुग्ण त्याला नावानिशी ठाऊक असतात. ज्याच्या मुलीच्या लसीकरणाची नोंद आपण ठेवली आणि ज्याच्या आईच्या गुडघ्यांचे रडगाणे बारा वर्षे ऐकले, त्याचे सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण) 84 टक्क्यांवर आल्याचे फोनवर ऐकणे हा निराळा अनुभव असतो. एप्रिल 2021 मध्ये अंबडच्या एका कामगारासाठी मी दुपारभर एकामागून एक रुग्णालयांना फोन लावले आणि कुठेही बेड मिळाला नाही. त्याच महिन्याच्या 21 तारखेला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर ‘ऑक्सिजन बेड मिळाला’ हे वाक्य ऐकूनही कोणाला हायसे वाटेना. उपाय माहीत असूनही तो मिळवून देता येत नाही, यातून येणारी बोचणी थकव्याहून वेगळी असते, कारण ती झोप झाल्यावर जात नाही.

माझ्यात काय बदलत होते ते मला उशिरा कळले. फोन वाजला की पोटात गोळा येई. रुग्णांना मी नावाऐवजी आकड्याने ओळखू लागले होते. ‘तो 88 वाला’ असे मी कंपाउंडरला म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था मानली आहे आणि तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही अशी धारणा. पहिले लक्षण आपण सगळेच ओळखतो, किंबहुना मिरवतोही. दुसरे मात्र स्वतःला दिसत नाही; ते कंपाउंडरला आणि घरच्यांना दिसते, म्हणून त्यांना बोलण्याची मुभा द्यायला हवी. नैराश्य किती आहे ते तपासणारी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मी वर्षानुवर्षे रुग्णांकडून भरून घेत आले होते. जून 2021 मध्ये ती प्रथमच स्वतःसाठी भरली, तेव्हा 27 पैकी 14 गुण आले. दहा किंवा अधिक गुण असलेल्या रुग्णाला मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवत असे; स्वतः जायला मला आणखी पाच आठवडे लागले. आता 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून सल्ला देणारी सरकारी सेवा आहे आणि ती डॉक्टरांनाही खुली आहे, हे डॉक्टरांनाच सांगावे लागते.

माझी सर्वांत मोठी चूक त्याआधीची, सप्टेंबर 2020 मधली आहे. ताप आला, अंग मोडून आले, आणि मी तीन दिवस त्याला दगदग म्हणत राहिले. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आल्यावर माझे उपचार मीच ठरवले. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग होतो, पण ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना होत नाही, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्येच दाखवले होते. मी ते वाचले होते आणि रुग्णांना समजावूनही सांगत होते. तरीही सॅच्युरेशन 97 असताना, चौथ्या रात्री, सासूबाई पलीकडच्या खोलीत खोकल्याचे ऐकून मी घाबरले आणि स्टेरॉइड सुरू केले. साखर वाढली, झोप गेली, आणि ऑक्सिमीटर दर पंधरा मिनिटांनी बोटाला लावण्याचा चाळा लागला. (सासूबाईंचा खोकला नेहमीचा दम्याचाच होता.) बरी झाल्यावरही पांडवलेणीच्या पायऱ्या अर्ध्यावर आल्या की धाप लागत असे, आणि ते पुढे तीन महिने चालले. भीतीपोटी घेतलेली गोळी मी रुग्णाला कधीच दिली नसती. स्वतःवर उपचार करणारा डॉक्टर त्या क्षणी रुग्णच असतो, आणि त्याच्यासमोर डॉक्टर नसतो.

मास्क, किट, हवा खेळती ठेवणे, पिवळ्या पिशवीतला कचरा हे सगळे आता कोणीही शिकवेल, त्यात मी वेळ घालवत नाही. जे शिकवले जात नाही ते आपापसात एकमेकांची जागा घेण्याचे. दुसरी लाट ओसरल्यावर आमच्या परिसरातले आम्ही चार डॉक्टर, दोन आयुर्वेदाचे, एक होमिओपॅथीचे आणि एक एमबीबीएस, एकत्र बसलो. प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस दवाखाना बंद ठेवायचा आणि त्या दिवशीचे रुग्ण व फोन दुसऱ्याने पाहायचे, इतका साधा प्रस्ताव होता. तो मान्य व्हायला दोन महिने गेले, कारण आपला रुग्ण तिकडेच राहील ही भीती प्रत्येकाच्या मनात होती आणि कोणीही ती बोलून दाखवत नव्हते. अखेर नियम ठरले: ज्याने तपासले त्याने त्या दिवसाचे शुल्क घ्यावे, केस पेपरवर काय दिले ते लिहून रुग्णाला परत पाठवावे, आणि आपल्या शास्त्राच्या मर्यादेबाहेरचा रुग्ण थेट रेफर करावा. काही रुग्ण खरोखर तिकडेच राहिले. तिकडचेही काही माझ्याकडे आले. हिशोब कोणी ठेवला नाही, आणि ठेवू नये असे माझे मत आहे.

फोनच्या बाबतीत मी दवाखान्यासाठी वेगळा क्रमांक घेतला. रात्री नऊनंतर तो घरात एका खणात असतो आणि तातडीच्या प्रसंगी 108 ला फोन करावा, असे दाराजवळच्या फलकावर लिहिले आहे. फोनवरच्या सल्ल्याचे शुल्क ठरलेले आहे. पहिल्या महिन्यात दोन कुटुंबे नाराज झाली. बाकीच्यांनी ते इतक्या सहज स्वीकारले की एवढी वर्षे आपण कशाला घाबरत होतो असे वाटले.

2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. तेव्हा शहरात येणारी गर्दी आणि तिच्यासोबत येणारे ताप-जुलाब हे आमच्या दवाखान्यांवर येणारच आहेत, म्हणून आमच्या गटाने त्या महिन्यांचे सुट्यांचे वेळापत्रक आधीच करायला घेतले आहे. त्यात आणखी एक रकाना आहे: चौघांपैकी कोण आजारी पडल्यास त्याला कोण तपासणार. माझ्या नावापुढे समोरच्या गल्लीतल्या एमबीबीएस डॉक्टरांचे नाव आहे, आणि हा रकाना आम्ही एरवीही पाळतो. गेल्या पंधरवड्यात त्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवला, जो मी स्वतः आणखी वर्षभर तरी वाढवला नसता.