पिंपळाच्या पानावरून रस्त्याची धूळ आणि धातू कसे मोजायचे

मुंबईत या कामाचा मोसम दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. पावसाळ्यात पानं रोज धुऊन निघतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिंपळ जुनी पानं टाकतो, आणि नव्या तांबूस पालवीवर धूळ साचायला वेळच मिळालेला नसतो. शेवटच्या पावसानंतर निदान १५ कोरडे दिवस जाऊ द्या, मग सगळ्या ठिकाणची पानं एकाच दिवशी तोडा.

हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ आहे ते पान सांगत नाही. सायनच्या हमरस्त्यापेक्षा आतल्या गल्लीत किती कमी, एवढंच ते सांगतं, तेही दोन्हीकडे झाडाची जात एकच असेल तर. पिंपळ सोयीचा, कारण पान मोठं आणि सपाट. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष घेतलात तर इवल्या पर्णिकांचं क्षेत्रफळ काढता काढता जीव जाईल.

प्रत्येक जागी ३ झाडं, प्रत्येक झाडाची १० पानं, जमिनीपासून सुमारे २ मीटरवरची, चारही बाजूंनी. शेंड्यापासून चौथं ते सहावं पान घ्या, म्हणजे वय साधारण सारखं राहतं. फांदी छाटायची नाही. देठाला धरून पान खुडा, पात्याला बोट लावू नका. बिनपावडरचे हातमोजे, कागदी पाकीट, वर तारीख आणि जागा. राष्ट्रीय उद्यानातलं पान परवानगीशिवाय तोडता येत नाही. तुलनेसाठी रस्त्यापासून दूर, मोठ्या आवारातलं झाड बघा. वॉचमनला एक प्रश्न जरूर विचारा: झाडावर पाइप मारता का? मारत असतील तर ते झाड बाद.

पार बांधलेला पिंपळही टाळा. दिव्याची काजळी आणि उदबत्तीचा धूर तर असतोच, पण बुंध्याशी मारुती असेल तर शेंदूर असतो, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड.

धूळ मोजताना १० पानं २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी धुवा आणि ते पाणी आधीच वजन केलेल्या फिल्टर पेपरमधून गाळा. पाणी आटवून वजन करू नका. वरळी किंवा मरीन ड्राइव्हला समुद्राचं मीठही धूळ म्हणून मोजलं जाईल. गाळल्यावर ते पाण्याबरोबर निघून जातं.

घोळ होतो तो फिल्टर पेपरपाशी. आपल्या दमट हवेत ओव्हनमधून काढलेला कागद पाहता पाहता ओलावा ओढतो, आणि ते वजन धुळीच्या नावावर चढतं. कागद आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सारखाच वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं रसायन ठेवलेल्या बंद भांड्यात) गार करा, काढल्याबरोबर तोला. शिवाय एक कोरा कागद नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने भिजवून सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्याच्या वजनात पडलेला फरक बाकीच्यांतून वजा करा. काटा किमान १ मिलिग्रॅमचा हवा, सोनाराकडचा १० मिलिग्रॅमचा पुरत नाही.

क्षेत्रफळ धुतल्यानंतर काढा, आधी काढलंत तर धूळ आखतानाच झडते. पान ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) झेरॉक्स पेपरवर आखून कापा, तो तुकडा तोला: १ ग्रॅम म्हणजे १२५ चौरस सेंमी. समजा १० पानांचं मिळून ६०० चौरस सेंमी भरलं आणि धूळ १८० मिलिग्रॅम निघाली, तर चौरस सेंमीला ०.३ मिलिग्रॅम.

धातूंसाठी कॉलेजची प्रयोगशाळा लागेल. घरी नायट्रिक अ‍ॅसिडला हात लावू नका. त्याच झाडाची आणखी २० पानं घ्या, १० धुतलेली, १० न धुतलेली. दोन्हींतला फरक म्हणजे वर साचलेला धातू. धुतलेल्यात उरतो तो मुळांतून आलेला आणि पानावरच्या मेणाच्या थरात रुतलेला. ७० अंशांवर ४८ तास वाळवून अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात कुटा. स्टीलच्या मिक्सरमधून लोखंड, क्रोमियम, निकेल नमुन्यात उतरतं. मग ०.५ ग्रॅम भुकटी नायट्रिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मायक्रोवेव्ह डायजेशनने (बंद भांड्यात मायक्रोवेव्हने तापवून) विरघळवायची, ५० मिली करायची आणि अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर (प्रत्येक धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) चालवायची. प्रत्येक खेपेला एक बाटली भुकटीविना, म्हणजे अ‍ॅसिडातून आणि भांड्यातून आलेला धातू वजा करता येतो.

आकडे वाचताना: जस्त टायरच्या झिजेतून येतं, तांबं ब्रेकमधून. रुळांजवळ लोखंड चढलेलं दिसलं तर दचकू नका, चाकं-रूळ घासून ते उडतच असतं. शिसं मात्र जास्त निघालं तर आजच्या गाड्यांवर लगेच खापर फोडू नका. शिसंयुक्त पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं. आधी झाडाखालची माती, जुन्या रंगाचे पोपडे, आणि तो शेंदूर तपासा.