बेस निवडायचा तर ड्रमरला सोबत घ्या

मी २१ वर्षं बेस गिटार वाजवतेय. या काळात चार बेस घेतले आणि त्यांतले दोन विकून टाकले. दोन्ही वेळा चूक एकच झाली होती. घेताना मी ते बंद खोलीत, छोट्या अँपवर, एकटीने ऐकले होते. एकट्याने ऐकताना खाली घुमणारा आणि वर खणखणणारा आवाज मोहात पाडतो. मधला भाग रिकामा आहे हे लक्षातच येत नाही, कारण त्या जागेसाठी भांडणारं दुसरं वाद्य खोलीत नसतं. मग तालीम सुरू होते, दोन गिटार, कीबोर्ड आणि ड्रम एकदम वाजायला लागतात आणि आपल्या वाट्याला पायाखालची गुरगुर तेवढी उरते. आमची गायिका एकदा गाणं मध्येच थांबवून म्हणाली, "मला सा सापडत नाहीये." इतकं जिव्हारी लागणारं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही तीन बेसवाले मित्र अधूनमधून तालमीच्या खोलीत जमायला लागलो. माझा प्रिसिजन, एकाचा जॅझ बेस आणि एकाचा स्टिंगरे, अशी तीन वेगळी मॉडेलं. वाद्यं अदलाबदल करून वाजवायची, आणि एका ड्रमरला गळ घालून बोलवायचंच, असा नेम ठरला. सहा वर्षांत चुकत-माकत जी पद्धत बसली, ती इथे लिहिते.

सुरुवात ताराच सारख्या करण्यापासून. एका बेसवर कालच्या नव्या तारा आणि दुसऱ्यावर वर्षभराच्या असतील, तर तुम्ही बेसची नाही, तारांची तुलना करताय. जॅझवाल्या मित्राचा बेस मंद आहे असं आम्ही कितीतरी दिवस धरून चाललो होतो. एकदा तिन्ही बेसवर एकाच जातीच्या, ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा चढवल्या आणि त्याचाच बेस सगळ्यांत उजळ निघाला. त्याच्या तारांवर घामाचा थर बसला होता, एवढंच. आता जुन्या तारा म्हणजे वाईट तारा असंही नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावत आणि त्या बदलायच्या फंदात सहसा पडत नसत. गोल, दबका, चटकन विरणारा स्वर हवा असेल तर तोही रस्ता आहे. पण तुलनेच्या दिवशी दोन्हीकडे एकच हवं.

मग तारांची उंची. वर्षानुवर्षं हात न लावलेला बेस आणि नीट बसवलेला बेस यांत कायम दुसराच जिंकतो. तारा सुरात लावून जाड तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट बघा. ती साधारण ०.३ मिलीमीटर, म्हणजे एखादं जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा वाक सांभाळणारी सळई, घट्ट करायचा, अजिबात नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी पुन्हा सुरात लावून मोजायचं. किल्ली अडली तर जोर लावू नका, जाणत्याकडे न्या. नंतर सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ ते २.५ मिलीमीटरच्या आसपास आणा. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर आणि त्याच जागी बोट नुसतं टेकवून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर जुळतात का ते बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. सॅडल हलवल्यावर तार परत सुरात लावायला विसरू नका, नाहीतर पुढचं मापच खोटं येतं.

तिसरी गोष्ट आवाजाची पातळी. जे जरा मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, आणि या सापळ्यात जुने-जाणतेही सापडतात. १९७६ साली आलेल्या स्टिंगरेच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे आवाज आतच वाढवणारं छोटं सर्किट असतं, त्यामुळे तो माझ्या साध्या प्रिसिजनपेक्षा दणकून बोलतो. मिक्सरच्या मीटरवर तिन्हींची पातळी सारखी आणल्याशिवाय आम्ही मत देत नाही. पहिल्यांदा पातळी जुळवली त्या दिवशी स्टिंगरेचं निम्मं कौतुक ओसरलं. उरलं ते मात्र खरं होतं. बोटाचा आघात इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच बेसवर ऐकू येत नव्हता.

आता मधल्या सुरांबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. बेसची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला ४१ कंपनं करते. इतक्या खालच्या सुराला आपला कान मुळात मंद असतो, आणि पुष्कळ कॅबिनेटं (स्पीकरच्या पेट्या) ५०-६० हर्ट्झच्या खाली थकतात. तरीही स्वर ओळखू येतो, कारण सोबत ८२, १२३, १६५ अशी वरची कंपनं असतात आणि मेंदू त्यांवरून गाळलेला मूळ स्वर भरून काढतो. म्हणून बेसचा स्वर ओळखायची खरी जागा साधारण २५० ते ८०० हर्ट्झमध्ये आहे. अँपवर मधलं बटण उतरवून खालचं आणि वरचं चढवायची सवय खोलीत गोड लागते आणि रंगमंचावर बेस गिळून टाकते. एकट्याने ऐकताना जरा नाकातला, जरा कोरडा वाटणारा बेस बँडमध्ये प्रत्येक स्वर स्पष्ट सांगतो. माझा प्रिसिजन तसा आहे. पहिल्या दिवशी मला तो आवडला नव्हता, आणि आज तोच सगळ्यात जास्त वाजतो.

पिकअप म्हणजे तारेची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; त्याची रचना समजून घेतली की पुष्कळ वाद आपोआप मिटतात. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन १९५१ साली आला आणि १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला. ते दोन तुकडे एकमेकांची घरघर रद्द करतात. १९६० च्या जॅझ बेसला दोन वेगळे पिकअप आहेत. दोन्ही पूर्ण उघडले की घरघर जाते, पण त्याच वेळी मधले काही सूर एकमेकांना खातात. एकाचा आवाज थोडा कमी केला की मधला भाग परत येतो, पण घरघरही थोडी परत येते. बँडमध्ये वाजवताना मी मित्राला मागचा पिकअप किंचित उतरवायला लावते. गाणं सुरू असताना ती घरघर कुणाला ऐकू येत नाही, आणि स्वर मात्र सगळ्यांना ऐकू येतो.

हाताचं माप प्रत्येकाचं निराळं, तिथे दुसऱ्याचं मत कामाचं नाही. माझा पंजा लहान आहे. जॅझची मान नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) सुमारे ३८ मिलीमीटर रुंद, प्रिसिजनची ४१ किंवा त्याहून जास्त. कागदावर तीन मिलीमीटर, पण दोन तास वाजवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी त्यांचा हिशेब लागतो. तारेची लांबी बहुतेक बेसवर ३४ इंच असते. ३० इंची आखूड बेसवर खालच्या फ्रेटमधली अंतरं कमी होतात आणि तारा मऊ लागतात. आखूड बेस म्हणजे शिकाऊ वाद्य, हा समज मला मान्य नाही. ज्याच्या हाताला तो बसतो त्याने तो खुशाल वाजवावा. एवढंच की तार सैल असते, म्हणून आघात हलका ठेवायला शिकावं लागतं.

हे सगळं उभं राहून तपासा. पट्टा लावा, कार्यक्रमात असतो त्याच उंचीवर, आणि ४० मिनिटं खाली ठेवू नका. बसून हलका वाटणारा साडेचार किलोचा बेस विसाव्या मिनिटाला खांद्यात उतरतो. मध्येच डावा हात सोडून बघा. मान खाली झुकत असेल तर पूर्णवेळ डावा हात वाजवण्याबरोबर मान पेलण्याचंही काम करणार. रुंद, आतून खरबरीत पट्ट्याने थोडा फरक पडतो, पण ते दुखणं मुळातून जात नाही.

ड्रमर आला की प्रत्यक्ष परीक्षा. आम्ही एकच चार मात्रांची साधी ओळ ठरवतो आणि ती तिन्ही बेसवर वाजवतो: एकदा संथ, एकदा द्रुत, एकदा बाराव्या फ्रेटच्या वर, एकदा तळहाताने तार दाबून. ऐकणारे आमच्याकडे पाठ फिरवून बसतात. त्यांना "आवडला का" असं विचारायचं नाही, त्यावर सगळे भलं बोलतात. विचारायचं ते असं: किक ड्रमपासून बेस वेगळा ऐकू आला का? ओळीतला शेवटचा स्वर गुणगुणून दाखवता येईल का? मोबाइल खोलीच्या मध्यावर ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी लहानशा स्पीकरवर ऐका. तिथे जो बेस सापडतो, तो कुठेही सापडतो.

खोलीत फिरूनही ऐका. भिंतीजवळ खालचे सूर फुगतात, दोन पावलं बाजूला गेलं की काही स्वर गायब होतात. ही खोलीची करामत, वाद्याची नाही. बेसची लहर आठ मीटर लांब असते म्हणून तो आठ मीटरवरूनच नीट ऐकू येतो, असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. तसं असतं तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच आला नसता.

अँपबद्दल थोडक्यात. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. हा फरक जाणवतो, पण दुप्पट मोठा मुळीच वाटत नाही. म्हणून ३०० आणि ५०० वॅटवर वाद घालण्यापेक्षा कॅबिनेट चांगलं घ्या. ८ ओहमची दोन कॅबिनेटं जोडली की ४ ओहम होतात. अँपवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधी जाऊ नका, आणि ट्यूब अँप स्पीकर न जोडता चालू करू नका. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटीचे ३०० वॅट आणि दहा-दहा इंची आठ स्पीकर हा त्या काळच्या रंगमंचाचा जबाब होता, कारण श्रोत्यांपर्यंत आवाज पोचवायचं काम मागच्या अँपचंच असे. आता डीआय बॉक्स नावाच्या छोट्या पेटीतून आपला आवाज थेट मिक्सरला जातो आणि अँप फक्त आपल्याला ऐकायला उरतो. मी अडीच किलोचा अँप नेते, स्टिंगरेवाला मित्र अजून जडशीळ पेटी उचलतो. पाठीला हवेचा धक्का बसल्याशिवाय त्याचा हात मोकळा होत नाही. मी तो धक्का अनुभवलाय, त्याचं म्हणणं मला कळतं.

कार्यक्रमाच्या सवयी मात्र तिघांच्याही हळूहळू एक झाल्या. पिशवीत दुसरी केबल, ९ व्होल्टची नवी बॅटरी, तारांचा जोड, सुटा पट्टा, ॲलन किल्ल्या, स्वतःचा डीआय बॉक्स. प्रीअँपवाल्या बेसची केबल वाजवून झालं की लगेच काढायची, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते. हे मला कळलं ते एका कार्यक्रमात, तिसऱ्या गाण्याला आवाज फाटून बसला तेव्हा. रात्रभर केबल तशीच खोचून ठेवली होती. आणि वाद्याची केबल स्पीकरला, स्पीकरची केबल वाद्याला कधीही नाही. दिसायला सारख्या असतात, म्हणून माझ्या स्पीकर केबलला मी लाल चिकटपट्टी लावलीय. साउंडचेकला सगळ्यात हळुवार आणि सगळ्यात जोरकस गाण्याचा तुकडा वाजवते. मधलाच वाजवला तर साउंडवाला त्या पातळीवर बेतून ठेवतो आणि शेवटच्या गाण्यात सगळं कोसळतं.

कानांबद्दल मी हात जोडून सांगते. बेसवाला बहुतेक वेळा झांजांच्या शेजारी उभा असतो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. माझ्या डाव्या कानात नऊ वर्षांपासून बारीक शिटी वाजते, ती शांत खोलीत जास्त ऐकू येते. तुलनेच्या दिवशीही कानात प्लग घाला, सगळ्यांनी सारखेच, नाहीतर दुसऱ्या तासाला थकलेला कान प्रत्येक बेसला मंद ठरवतो. आम्ही दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं बाहेर जाऊन बसतो.

एवढं करूनही दोन बेसमध्ये मन अडकलंच, तर एक बेस उसना घेऊन पूर्ण कार्यक्रम वाजवा. त्या रात्री बटणांना किती वेळा हात गेला ते मोजा. मी जॅझ नेला होता तेव्हा अकरा वेळा गेला. माझ्या प्रिसिजनवर दोनदा, आणि त्यातलं एकदा नुसतं आवाज बंद करायला.