गाडी टाकायच्या आधी भाच्याला दिलेली यादी

भाच्याला गाडी टाकायची आहे. मागच्या रविवारी घरी आला, मोबाईलवर चार ट्रकचे फोटो, म्हणे मामा सांगा कोणता घेऊ. मी म्हटलं फोटो ठेव बाजूला, माल कोणाचा भरशील ते सांग आणि परतीला काय आणशील ते सांग. पोरगं गप्प. म्हणून लिहून देऊन राह्यलो.

तर पहिलं काम, वही घे आणि आठ दिवस नुसता फिर. इथे नागपुरात कळमन्याच्या मार्केटला जा, वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चहा पी, बुटीबोरी-हिंगण्याला कंपन्यांच्या गेटवर उभा राहून बघ कोणती गाडी भरून निघते अन कोणती रिकामी येते. ४४ नंबर अन ५३ नंबर, दोन्ही हायवे नागपुरातच एकमेकाला भेटतात म्हणून इथे भाडं मिळतं, पण मग पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतच्या गाड्या पण इथेच उभ्या असतात आणि रिकामं जाण्यापेक्षा बरं म्हणून पडेल त्या भावात माल उचलतात, तुझी स्पर्धा त्यांच्याशी आहे हे डोक्यात ठेव. संत्र्याला हवा खेळती बॉडी लागते, लोखंडाला प्लॅटफॉर्म, कंटेनरला ट्विस्टलॉकवालं, म्हणजे कंटेनरचे कोपरे अडकवायच्या कुलुपांचं ट्रेलर. एका गाडीत सगळंच करतो म्हणशील तर एकही धड होत नाही बाप्पा.

मग वजन. दहा चाकीचं पासिंग, म्हणजे आरसीवर मंजूर वजन, २८ टनाच्या घरात असतं, पण ते गाडी धरून, नुसता माल नाही. बॉडी जड बांधली असेल तर दीड-दोन टन तिथेच गेले. म्हणून जुनी गाडी बघायला गेला की विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नको, टाकी फुल, स्टेपनी, ताडपत्री, दोर सगळं गाडीवर असताना रिकामी गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर चढव आणि पावती खिशात घाल. आरसीवरच्या वजनातून तो आकडा वजा कर, उरलं तेवढंच तुझं भाड्याचं वजन. दोन टन जास्त टाकले तर काय होतं असं कोणीतरी सांगेलच, तर २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० अजून. त्या ट्रिपमधे मग काय उरलं?

ट्रेलरचं जरा नीट ऐक, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. ट्रेलर म्हणजे वेगळी गाडी समज, त्याचा नंबर वेगळा, आरसी वेगळी, फिटनेस वेगळा, इन्शुरन्स वेगळा. मला एकदा जुनं चाळीस फुटी ट्रेलर स्वस्तात मिळालं, टोकन देऊन आलो, दुसऱ्या दिवशी घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, घेऊन गेलो तर ट्रेलरची किंगपिन, म्हणजे घोड्याच्या प्लेटमधे अडकते ती खालची पिन, साडेतीन इंची आणि माझ्या घोड्याची प्लेट दोन इंचीवाली! बसणार कशी? दोन दिवस घोडा तिथेच उभा, पिन बदलायचा खर्च वेगळा, आणि विकणारा म्हणतो मी कुठे सांगितलं होतं बसेल म्हणून. खरंच नव्हतं सांगितलं, मी पण विचारलं नव्हतं. तर मोजायची टेप घेऊन जा. पिनवरचं ग्रीस फडक्याने पूर्ण पूस, खाली झोपून टॉर्च मार, पिनच्या मानेला खाच पडलेली दिसली किंवा आजूबाजूच्या प्लेटवर वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर उठून चहा प्यायला निघून ये. जोडून झालं की इंजिन बंद करून ब्रेक दाबून ठेवायला सांग आणि मागे जाऊन ऐक, कुठे फिस्स आवाज आला तर हवा लीक आहे.

टायरवर रबर किती दिसतंय ते सगळेच बघतात, तू साईडचे शेवटचे चार आकडे वाच, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. आपला मे महिना आणि समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर, जुनं रिमोल्ड, म्हणजे नवं रबर चढवलेलं जुनं टायर, तिथे टिकत नाही. हवा सकाळी थंड टायरला चेक करायची, दुपारी नाही.

कागदं: चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, आरसीशी एकेक आकडा जुळव. फायनान्सवाल्याचा बोजा उतरला का, चलान किती बाकी आहेत, तेही बघ. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की फिटनेस दरवर्षी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे जुन्यावाल्याने आधीचाच भाव सांगितला तर सरळ घासाघीस कर. बीएस ६ घेशील तर युरियाचा, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात त्या पाण्याचा, खर्च धर. तीन महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेव, कारण पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, आल्याशिवाय पार्टी बाकी भाडं सोडत नाही आणि हप्ता काही पोचेची वाट बघत नाही. सीएला मालगाडीच्या ठोक उत्पन्नावरच्या इन्कम टॅक्सचं, जुन्या कायद्यातलं कलम ४४ एई, विचारून ये, १२ टनावरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० उत्पन्न धरतात, गाडी उभी असली तरी.

ड्रायव्हर ठेवताना लायसन बघशीलच, पण त्याला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला लाव, दोन ड्रममधून.

रविवारी मी वाडीलाच आहे. गाडी बघायला निघालास की फोन कर, टॉर्च आणि फडकं मी आणतो, टेप तू आण.