सौदीत पोस्टवरून अटक झाली, तर घरच्यांनी काय करायचं

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून गेलेल्याचा फोन लागेनासा झाला की घरचे आधी एजंटच्या दारात जाऊन बसतात. तिथे जा, पण कागदांपुरतं. व्हिसाची प्रत, करारपत्र आणि कंपनीचा पत्ता घ्या आणि निघा. माणूस सोडवणं एजंटच्या हातात नसतं, तो सांगेल काहीही.

आधी नक्की काय झालंय ते काढा. कामगार पळून गेला अशी नोंद कफिलाने (त्याला व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाने) केली, तर त्याला तिकडे ‘हुरूब’ म्हणतात. ते प्रकरण परत पाठवणीचं, त्याची वाट वेगळी. खोलीवर राहणाऱ्या सोबत्याला दोनच गोष्टी विचारा: नेणारे कोण होते आणि मोबाईल नेला का? मोबाईल जप्त झाला असेल तर मामला पोस्टचा किंवा मेसेजचा असू शकतो, असं धरून चाला. जास्त खोदून विचारू नका, सोबतीही अडकायचा.

‘साधं फॉरवर्डच तर केलं’ हा बचाव तिथे टिकेलच असं नाही. २००७ च्या सायबर गुन्हे कायद्यात सार्वजनिक सुव्यवस्था किंवा धार्मिक मूल्यांना बाधा आणणाऱ्या मजकुराला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालपर्यंत दंड आहे. प्रकरण दहशतवादविरोधी कायद्यात गेलं तर याहून वाईट. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या सलमा अल-शिहाब यांना ट्विट-रीट्विटवरून २०२२ मध्ये अपिलात ३४ वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे ती कमी झाली, तरी सुटायला २०२५ उजाडलं. दहशतवादविरोधी कायद्याखाली चौकशीत ९० दिवसांपर्यंत बाहेरचा संपर्क तोडता येतो. म्हणून महिनाभर फोन आला नाही तर लगेच वाईट शंका घेऊ नका, पण अर्ज मात्र पहिल्याच दिवशी करा.

अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर करा, तोच ईमेलने दूतावासालाही पाठवा. जेद्दा, मक्का, मदिना, तबूक, अबहा, जिझान हा पश्चिमेचा पट्टा जेद्दा वाणिज्य दूतावासाकडे आहे, तर रियाध आणि दम्माम रियाधच्या दूतावासाकडे. चुकीच्या ठिकाणी टाकलेला अर्ज फिरत बसतो. अर्ज एका पानाचा, इंग्रजीत. पासपोर्ट नंबर, इकामा म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याचा नंबर (१० आकडी, सुरुवात २ ने), शेवटचं बोलणं कधी झालं, कोणत्या गावातून नेलं आणि तुमचं नातं, एवढं पुरे. रडगाणं, राजकारण, ‘तो निर्दोष आहे’ वगैरे त्यात नको.

नंबर का हवेत? अरबीत ‘प’ नाही. ‘पाटील’चा ‘बातील’ होतो, ‘पवार’चा ‘बवार’. नुसत्या नावाने शोधलं तर नोंद सापडत नाही आणि उत्तर येतं की असा कोणी कैदी नाही.

दूतावासाला फोन करताना वार बघा. तिकडे शुक्रवार-शनिवार सुटी असते आणि घड्याळ आपल्यामागे अडीच तास, म्हणजे रविवारी साडेअकराच्या आधी लावून उपयोग नाही. १८००-११-३०९० ही दिल्लीची मोफत हेल्पलाईन आहे.

त्याचा फोन आलाच तर गप्पांत मिनिटं घालवू नका. दोन वाक्यं सांगा: ‘भारतीय दूतावासाला कळवा म्हणून अधिकाऱ्याकडे माग’ आणि ‘दुभाषा नसेल तर अरबी कागदावर अंगठा देऊ नकोस’. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार दूतावासाला कळवण्याची मागणी करायचा हक्क कैद्याचा आहे. अनेकदा त्याने मागितल्याशिवाय कोणी कळवत नाही.

घरी पाळायचं पथ्य सगळ्यात अवघड. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राजाला शिव्या, फेसबुकवर ‘न्याय द्या’ची पोस्ट, आमदारासोबतचा फोटो, हे सगळं वकिलाला विचारल्यावर. नावाजलेल्या कैद्याला गाजावाजाचा उपयोग होऊ शकतो, साध्या कामगाराच्या फाईलला तो नडू शकतो. खासदारांचं पत्र हवं असेल तर ते थेट मंत्रालयाला जाऊ द्या. आणि त्याचं खातं इथून उघडून पोस्टी उडवू नका. तो कोठडीत आणि खातं जळगावातून चालू दिसलं, तर पुरावा नष्ट केल्याचा नवा संशय त्याच्यावरच येतो.

शिक्षा झालीच, तर अरबी निकालपत्राची प्रत दूतावासामार्फत मिळवा. भारत-सौदी कैदी हस्तांतरण करार २०१० चा आहे. निकाल अंतिम झाल्यावर, कैद्याची आणि दोन्ही सरकारांची संमती असली तर उरलेली शिक्षा भारतात भोगता येते. अपील चालू असताना हा अर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे आधी अपील की हस्तांतरण, हे वकिलाशी आणि त्याच्याशी बोलूनच ठरवा.